बस एक, सीट सात

रविवार, १ जून २००८

आमच्या गावकरी मंडळाच्या सभेत आज शब्द देऊन बसले. गणपतीला गावी जाणाऱ्या तीन बसगाड्यांचं बुकिंग यंदा कॉम्प्युटरवर होणार. एक्केचाळीस घरं, एकशे पस्तीस सीटा. रांग नाही, वही नाही.

गेल्या वर्षीची रांग मी विसरलेले नाही. बुकिंग रविवारी, आणि लोकांनी शनिवारपासूनच शाळेच्या फाटकापाशी जागा धरलेल्या. माणसं नव्हेत, चपला. चपला, विटा, तेलाचा रिकामा डबा आणि एक फुटकी बादली. सकाळी बादलीच्या मालकाने चपलेच्या मालकाची कॉलर धरली. दत्तारामांच्या वहीत एकेका सीटवर तीन-तीन नावं. त्यातलं एक खोडलेलं, पण खोडलेलं कुठलं आणि ठेवलेलं कुठलं हे त्यांनाही सांगता येईना. दोन घरांना जागाच मिळाली नाही. ती माणसं चतुर्थीच्या संध्याकाळी गावी पोहोचली, तोवर त्यांचा गणपती शेजाऱ्याने बसवला होता. हे त्यांनी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

दत्ताराम मंडळाचे अध्यक्ष, बावीस वर्षं. म्हणाले, "मॅडम, कंपूटरात बसलेली माणसं गाडीत बसतील ना पण?" सगळे हसले. चिटणीस या नात्याने मी उभी राहिले आणि जाहीर केलं, की एका जरी घराची सीट चुकली तरी मी राजीनामा देईन. हसणं थांबलं.

बोलायला नको होतं, असं रिक्षात वाटलं. पण बोलले.

गुरुवार, ५ जून

कामाची वाटणी झाली. मागची बाजू माझी, पुढची संचिताची. मुलगा कौस्तुभ सहा महिन्यांसाठी दोह्याला गेलाय, त्यामुळे घरात आम्ही सासू-सून आणि दोन कॉम्प्युटर. संचिता अंधेरीला वेबसाइट करणाऱ्या एका ऑफिसात होती. ते बंद पडल्यापासून घरून कामं घेते. हात चटपटीत आहे. पण तिचं काम म्हणजे शेवटी रंगरंगोटी.

मी बहात्तर सालची संख्याशास्त्राची पदवीधर. महामंडळात सत्तावीस वर्षं कोबोल लिहिलं. पंचकार्डांचा गठ्ठा हातून पडला तर तो पुन्हा क्रमाने लावण्यात अख्खी दुपार जायची, तेव्हापासून या धंद्यात आहे. वेबसाइटच्या मागच्या बाजूचं रेल्स मी चार महिने पुस्तकं समोर ठेवून शिकले. ते सर्व्हरवर बसतं, आलेला मजकूर तपासतं, योग्य असेल तरच नोंदवतं. मला पटलं. संचिता जेक्वेरी वापरते. ती ब्राउझरमध्ये, म्हणजे समोरच्या माणसाच्या मशीनवर चालते. टिचकी मारली की रंग बदल, हे लपव, ते उघड.

मी तिला समजावलं, की आमच्या ऑफिसात खिडकीवर एक बाबू बसायचे आणि आत रेकॉर्ड रूम होती. बाबू हसून "झालं तुमचं काम" म्हणाले, तरी कागद आत पोहोचेपर्यंत काहीच झालेलं नसायचं. तू म्हणजे बाबू, मी म्हणजे रेकॉर्ड रूम.

"म्हणजे मी गोड बोलायचं?" तिने विचारलं.

"बेताने," मी म्हटलं.

चाचणीसाठी पहिली नोंद तिने टाकली. बस एक, सीट सात, खिडकी. प्रवाशाचं नाव, मृणालिनी, म्हणजे मी. नोंद बरोबर उतरली. मग मी ती काढून टाकली.

बुधवार, ११ जून

दोन दिवस पान मेल्यासारखं पडून होतं. कुठेही टिचकी मारा, ढिम्म. मी म्हणाले, दोष जेक्वेरीचा. संचिता म्हणाली, "आई, बघू या." तिचं हे "बघू या" मला सोसत नाही. ऑफिसात मी "बघू या" म्हणणाऱ्यांकडून तारीख लिहून घ्यायचे.

आज कारण सापडलं. रेल्स येताना स्वतःबरोबर प्रोटोटाइप नावाची आपली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, घेऊन येतं. ती आणि जेक्वेरी, दोघीही डॉलरचं चिन्ह हे आपलंच हाक मारायचं नाव समजतात. एकीला हाक मारावी तर ओ भलतीच देते, आणि कामं दोघींचीही अडतात. उपाय एका ओळीचा निघाला. जेक्वेरीने डॉलरवरचा हक्क सोडायचा आणि पूर्ण नावाने वावरायचं.

"म्हणजे तुझ्या लायब्ररीने माघार घेतली," मी म्हटलं.

"नाव सोडलं फक्त, आई. काम तीच करतेय." आणि कुकर लावायला गेली.

चाचणीची नोंद आज पुन्हा सीट सातवर, पुन्हा माझ्याच नावाने. आणखी एकशे चौतीस सीटा असताना हिला सातच कशी सापडते? काढून टाकली.

बुधवार, १८ जून

वाद झाला. माझं म्हणणं शेवटी राहिलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

पानावर बसचा नकाशा आहे. सीटवर टिचकी मारली की ती हिरवी होते. मग खाली नाव, घर, फोन भरायचा आणि "नोंद करा" हे बटण दाबायचं. बटण दाबल्यावरच मजकूर माझ्याकडे, म्हणजे सर्व्हरवर येतो. तोवर मागे कुणाला काही कळत नाही.

संचिता म्हणाली, "टिचकी मारल्याबरोबर मागे कळवलं तर? जेक्वेरीतून गुपचूप निरोप पाठवता येतो, पान हलतसुद्धा नाही. तुम्ही ती सीट दहा मिनिटं धरून ठेवायची."

"कच्च्या नोंदी मी ठेवत नाही."

"पण आई, लोकांना हिरवं दिसलं की वाटेल झालं."

"बटण आहे ना? लोक शिकतील."

मग तिला फिका हिरवा हवा होता आणि शेजारी "अजून नोंद झालेली नाही" अशी ओळ. मी म्हटलं, हिरवा ठळक कर. आमच्या लोकांचे चष्मे जुने आहेत. आणि ती ओळ काढ, पान भरून जातं. तिने काढली. काम ऐकते, हा गुण आहे.

शुक्रवार, २० जून

गावाहून बाबाजींचा फोन. धाकटे दीर.

"वैनी, यंदा तरी येताव ना?"

"बुकिंगचं काम माझ्याकडे आहे. वेळ नाही."

"बुकिंग जुलैत हाय. गणपती सप्टेंबरात हाय."

कॅलेंडर मलाही वाचता येतं. ह्यांना जाऊन चार गणपती झाले. पडवीत ह्यांची आरामखुर्ची अजून तशीच आहे. काढा म्हणून दोनदा सांगितलं, बाबाजी काढत नाहीत. उगीच जागा अडते.

संचिता भाजी निवडत होती. "सीट तर आहेच," असं काहीतरी पुटपुटली. कोणती, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मेथी जून आहे."

शनिवार, ५ जुलै

घरी चाचणी घेतली. बिल्डिंगमधली चार माणसं बोलावली. दोन बँकेतली, एक शिक्षिका आणि तळमजल्यावरचा स्वप्नील, जो दिवसभर कॉम्प्युटरच विकतो. चौघांनीही बिनचूक नोंद केली. सरासरी वेळ दोन मिनिटं दहा सेकंद.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेवाल्या ईश्वरभाईने बुकिंगच्या सकाळी सहा मशीन मंडळासाठी मोकळी ठेवायचं कबूल केलंय. फार लोकांकडे घरी कॉम्प्युटर नाही. ईश्वरभाईला काळजी.

"आंटी, ये लोग माउस पकडेंगे कैसे?"

"हाथ से."



रविवार, १३ जुलै, दुपारी तीन

बुकिंग पार पडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा एकाचीही कॉलर धरली गेली नाही.

संचिता नव्हती. चेण्याला तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं बारसं, नऊला निघायची होती. बुकिंग वर्षातून एकदा येतं आणि बारशी दर महिन्याला येतात, असं मी म्हटलं. पण जा म्हटलं.

आठ ते साडेअकरा मी कॅफेच्या दारात उभी होते. एका वेळी सहा जण आत, प्रत्येकाला पाच मिनिटं. माणूस उठला की ईश्वरभाईने पान नव्याने उघडायचं, म्हणजे आधीच्याची खाडाखोड पुढच्याला दिसणार नाही, हा नियम माझा. रांगेत प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत होते. "सीटवर टिचकी मारा, हिरवी झाली की झालं, पुढच्याला जागा द्या." सूचना जितकी लहान तितका गोंधळ कमी, हे मी ऑफिसात शिकले.

पेणकरपाड्याची सुगंधा आयुष्यात पहिल्यांदा माउसला हात लावत होती. तिने माउस आधी पडद्यावर टेकवला. मग जमलं. सीट हिरवी झाली तशी एवढी हसली, की पलीकडच्या मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. "मॅडम, पुढची मिळाली! मला गाडी लागते हो!" सगळेच खूश होऊन बाहेर पडत होते. मी मागून पडदे पाहत होते. हिरवे, हिरवे, हिरवे.

दत्ताराम कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. एकदाही उघडावी लागली नाही. चहा मीच पाजला.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

यादी छापली. चौदा नावं.

पुन्हा छापली. चौदाच.

सोमवार, १४ जुलै

काय झालं ते स्वच्छ लिहिते, म्हणजे नंतर स्वतःला सबब सांगता येणार नाही.

"नोंद करा" हे बटण पानाच्या तळाशी आहे. आमच्या घरच्या मोठ्या पडद्यावर ते दिसतं. ईश्वरभाईचे पडदे लहान. तिथे पान बसच्या मागच्या चाकापाशीच संपतं आणि बटण बघायला पान वर सरकवावं लागतं. आणि सरकवायचं कशाला? दारात उभी असलेली चिटणीस सांगतेय, हिरवी झाली की झालं.

चौदा सीटांच्या नोंदी झाल्या त्या घरी कॉम्प्युटर असलेल्या सहा घरांच्या. त्यात आठ वाजून चार मिनिटांनी आमच्याच घरून एक, बस एक, सीट आठ, संचिता. ही गावाला निघालीय आणि मला विचारलंसुद्धा नाही. असो, तो विषय वेगळा.

उरलेल्या पस्तीस घरांची माणसं सीट हिरवी करून, आनंदाने उठून गेली. हिरवा रंग त्या मशीनपुरता होता. माझ्या सर्व्हरपर्यंत काहीही आलं नाही. पान किती वेळा उघडलं ते लॉगमध्ये दिसतं, कुणी कुठली सीट धरली ते कुठेही नाही. शिवाय पान दर वेळी नवं, त्यामुळे प्रत्येकाला पुढच्या सीटा रिकाम्या दिसल्या. एकेका सीटवर दहा-दहा जणांनी टिचकी मारली असणार.

संचिता आज परतली. मी कागद पुढे ठेवला. "मी सांगत होते" हे ती म्हणणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं. तिने यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "आई, त्यांनी रुमाल टाकलाय."

"काय?"

"एस्टीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना? मग खाली उतरून निवांत चहा पितात. तसा. त्यांची सीट धरून झाली."

"रुमाल म्हणजे नोंद नव्हे."

"कंडक्टरसाठी नव्हे. त्यांच्यासाठी आहे."

जेवण गेलं नाही. राजीनामा लिहिला. पाच ओळी, एकही खाडाखोड नाही.

मंगळवार, १५ जुलै

दत्तारामांची पेणकरपाड्यात पिठाची गिरणी आहे. तिथे जाऊन सगळं सांगितलं. गिरणी चालू होती, त्यामुळे माझी चूक मला तीनदा ओरडून सांगावी लागली. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टा थांबवला, आणि नेमकी त्याच वेळी मी "गाढवपणा माझा!" असं म्हणत होते. दळणाच्या रांगेतल्या चार बायका माझ्याकडे बघत राहिल्या. त्यातली एक सुगंधा.

"म्हणजे माझी हिरवी गेली?" तिने विचारलं.

"गेली नाही. ती नव्हतीच," मी म्हटलं.

"नव्हती कशी? मी बघितलेली हाय."

मी राजीनामा पुढे केला. दत्तारामांनी पिठाच्या हाताने घेतला, वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"मॅडम, एस्टीत एका सीटवर दोन रुमाल पडले तर काय होतं?"

"भांडण."

"बरोबर. आणि मग?"

"मग काय?"

"मग एकजण उठतो. उभ्याने भांडत कोणी रत्नागिरीपर्यंत गेलेला मी तरी बघितला नाय. रविवारी सभा लावतो. सगळ्यांना सांगतो, रुमाल घेऊन या."

मी विचारलं, कोण खरं सांगतंय ते ठरवायचं कसं? काहीच पुरावा नाही. ते म्हणाले, "आपली माणसं हायत," आणि गिरणी चालू केली. याला उत्तर म्हणत नाहीत.

रविवार, २० जुलै

हॉलमध्ये साठच खुर्च्या, म्हणून बस एक खुर्च्यांची आणि बाकी दोन जमिनीवर खडूने आखलेल्या. दत्तारामांनी पंचेचाळीस खुर्च्या ओळींत लावून घेतल्या. मध्ये वाट, पुढे ड्रायव्हर म्हणून एक स्टूल. ज्या चौदांची नोंद पक्की होती त्यांच्या खुर्च्यांवर मी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मग दत्ताराम स्टुलावर चढले.

"ज्याने जिथं हिरवी केली, तिथंच रुमाल टाका. खोटा टाकाल तर गणपती बघतोय, आणि त्याच्या आधी मॅडम बघतायत!"

पाच मिनिटांत पुढच्या तीन ओळी दिसेनाशा झाल्या. रुमाल, पंचे, ओढण्या, एक माकडटोपी, एक डब्याची पिशवी. तीन नंबरवर अकरा. मागची अर्धी बस रिकामी. बस दोन आणि तीनकडे तर कुणी फिरकलंच नव्हतं, कारण पानावर बस एक आधी दिसते. लोक खोटं बोलले असते तर गोंधळ इतका वाढला नसता. हाताशी काहीच पुरावा नव्हता, आणि एकानेही सोयीची रिकामी सीट सांगितली नाही. जिथे टिचकी मारली तिथेच, अकराव्या थरावर, रुमाल टाकला.

मग सुरू झालं.

"तीन नंबर माझा. मला गाडी लागते," सुगंधा.

"मला पण लागते," महिपत.

"तुला काय लागतं ते सगळ्या वाडीला म्हायती हाय. गाडी सुटायच्या आधीच लागलेली असते."

हॉल हसून हसून लोटपोट. महिपत रागावला, पण रुमाल त्यानेच उचलला. जाऊन बस दोनच्या पुढच्या सीटवर टाकला आणि म्हणाला, "माझी गाडी पुढे काढायची हां ड्रायव्हरला सांगून."

त्यानंतर कुणी कुणाला उठवायची गरज पडेना. विमलाबाईंची नात दोन महिन्यांचं बाळ घेऊन दारात आली, तिला बघून एका खुर्चीवरचे सात रुमाल उचलले गेले. एक म्हणाला, मला मागे झोप चांगली लागते. मागच्या चाकावर कुणालाही झोप लागत नाही, हे त्यालाही माहीत आहे. मी हातात घड्याळ घेऊन उभी होते आणि कुणालाही पाच मिनिटांत संपवा म्हणावं लागलं नाही. पन्नास मिनिटांत तीन बसगाड्या भरल्या. संचिता शेवटच्या ओळीत लॅपटॉपवर एकेक नोंद घेत होती.

शेवटी बस एकची एक खुर्ची उरली. सात नंबर. शेजारच्या आठवर संचिताच्या नावाची चिठ्ठी. सातवर एकच रुमाल, आणि तो आपला म्हणून सांगायला कुणी पुढे येईना.

पांढरा, कडेला दोन तपकिरी रेघा. चौकोनी घडी आणि वरचं टोक तिरकं दुमडलेलं. अशी दुमड मी एकोणतीस वर्षं घातली. हे ऑफिसला जाताना ते टोक खिशाबाहेर ठेवायचे.

"हा कुणाचा?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला.

 दत्ताराम स्टुलावरून उतरले. "मॅडम, त्या खुर्चीवर आणखी चौघांचे रुमाल होते. सूनबाई हा ठेवताना दिसल्या, तसे चौघांनी उचलले."

"त्यांना उचलायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाय."

संचिता लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "कपाटातून न विचारता घेतला, आई. सॉरी. पण क्लिक मी खरंच केलं होतं, पहिल्या दिवसापासून करतेय. तुम्हीच दर वेळी नोंद काढून टाकता."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. बस एक, सीट सात, खिडकी. नाव भरलं. घर भरलं. पान वर सरकवून बटण दाबलं.

ही नोंद काढलेली नाही.

जाताना दत्तारामांकडे राजीनामा मागितला, म्हटलं निदान फाईलला तरी लावते. त्यांनी खिशातून काढून दाखवला. पाठीमागे तिन्ही ड्रायव्हरांचे मोबाइल नंबर लिहिले होते. "आता हा कागद माझ्या कामाचा हाय," म्हणाले.

शुक्रवार, २५ जुलै

परतीच्या बुकिंगसाठी सगळं नव्याने लिहिलं. आता सीटवर टिचकी मारली, की जेक्वेरी मागच्या मागे रेल्सला निरोप देते. रेल्स ती सीट दहा मिनिटं धरून ठेवतं. तोवर बाकी सगळ्यांच्या पडद्यावर ती पिवळी दिसते आणि तिच्यावर छोटा रुमाल. दहा मिनिटांत बटण दाबलं नाही तर रुमाल उचलला जातो. बटण आता वर, नकाशाच्याही आधी. पान कुठल्या बसने उघडायचं तेही पाळीपाळीने. रुमालाचं चित्र संचिताने काढलं. दोन रेघा मी सांगितल्या नव्हत्या.

नोंदींच्या तक्त्यात त्या रकान्याला नाव काय द्यावं, यावर तिचं मत होतं "होल्ड". मी "रुमाल" दिलं. आपल्या लोकांचा तक्ता आहे.

फिका रंग आणि "रुमाल पडला, अजून नोंद नाही" ही ओळ, दोन्ही परत घातल्या. ही सूचना कुणाची होती ते इथे लिहिलं आहे. तोंडाने सांगायचं राहिलं. स्वयंपाकघरात गेले तर ती फोनवर होती.

रविवार, ३ ऑगस्ट

परतीचं बुकिंग. एकशे पस्तीस सीटा, एक तास चाळीस मिनिटं. आज संचिता दारात आणि मी आत, पडद्यांपाशी. सुगंधाने सीट पिवळी केली आणि पलीकडच्या मशीनवर बसलेल्या महिपतच्या पडद्यावर रुमाल पडला.

"अगो, पडला की इकडे!" तो ओरडला.

"मग उचल तुझा हात तिथनं," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

बाबाजींचा फोन आला तेव्हा सांगितलं, येते. त्यांनी तारीख दोनदा विचारली. मग म्हणाले, "खुर्ची पुसून ठेवतो." मी म्हटलं, ठेवा. काढा असं या वेळी म्हटलं नाही. कदाचित लाइन खराब होती.

सोमवार, १ सप्टेंबर, दुपारी साडेचार

बसमध्ये बसून लिहितेय. तिन्ही गाड्या शाळेच्या फाटकापाशी उभ्या आहेत, पाच वाजता सुटणार. चपला नाहीत, विटा नाहीत. बादली आहे, पण तिच्यात मोदकांचं सामान आहे. सुगंधा तीन नंबरवर, लिंबू हुंगत. महिपत बस दोनच्या दारात उभा राहून बस एकच्या ड्रायव्हरला सूचना देतोय.

संचिता आठ नंबरवर. तिने पिशवीतून चिवडा काढला आणि सुटायच्या आधीच खायला घेतला. मी म्हटलं, गाडी सुटल्यावर खा. ती म्हणाली, "बघू या." मी चिवडा घेतला. आणि मग सांगून टाकलं, की जूनमध्ये ती बरोबर होती. ती म्हणाली, "काय?" मला वाटतं तिने ऐकलं होतं. पुन्हा सांगितलं.

आता तिन्ही गाड्यांत यादी घेऊन फिरायचं आहे. एकेक नाव, एकेक सीट. माझी नोंद पक्की आहे, छापील यादीत सातवी ओळ. सूनही शेजारी बसली आहे, जागा कुठे जात नाही.

तरी उठताना पर्समधून तो रुमाल काढला, आणि सीटवर टाकून खाली उतरतेय.